ब्युटिरेटचा वास

“तोंड उघडा बघू,” सरुबाई म्हणाली.

म्हस्कू बारामतीहून मोरगावला नुकताच एसटीनं उतरला होता. दारातच त्यानं बायकोपुढं तोंड उघडलं. दारूचा वास नव्हता. पण सदऱ्याला तोच खवट लोण्यासारखा, बोकडासारखा दर्प होता.

“औषधाचा हाय म्हणलं ना. बाटल्या धुतो मी.”

“आसलं कसलं औषध? दोन वरसं झाली, धड सांगत न्हाय. काय तरी दडवताय तुमी.”

दडवत तर तो होताच.

दुसऱ्या दिवशी तिनं त्याच्या मागची गाडी धरली आणि विचारत विचारत बारामतीच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत येऊन उभी राहिली. मोरीवर नळ्या विसळणारा म्हस्कूचा हात थांबला. संशोधन करणाऱ्या रोहिणी मॅडमनी तिला स्टूल दिलं. ती बसली नाही.

“ह्यो वास कशाचा?”

मॅडमनी ब्युटिरेट नावाच्या रसायनाच्या बाटलीचं झाकण काढलं. सरुबाईनं नाकाला पदर लावला.

“कुणाला पाजता हे?”

“कुणालाच नाही. काचेतल्या पेशींवर टाकतो. पोटातल्या बाळाचं रक्त बनवणारं जनुक जन्मानंतर प्रथिनांभोवती गच्च गुंडाळलं जातं आणि बंद पडतं. ते आवळून ठेवणाऱ्या प्रथिनाला हे अडवतं. गुंडाळी सैल झाली, की जनुक पुन्हा चालू होतं.”

“त्याचा कुणाला उपेग?”

“ज्या मुलांचं जन्मानंतरचं रक्त नीट बनत नाही, दर महिन्याला चढवावं लागतं, त्यांना होईल कदाचित. बाळपणीचं रक्त त्यांना पुरेल.”

सरुबाई नवऱ्याकडे वळली. त्यांची मुलगी मंजुळा तशीच, रक्त चढवता चढवता गेली होती, चार वर्षांपूर्वी, सहाव्या वर्षी.

“म्हणून न्हाय सांगितलं,” म्हस्कू पुटपुटला.

“तवा हुतं का हे?” तिनं मॅडमना विचारलं.

“नव्हतं. अजूनही औषध म्हणून देता येत नाही. देता येईल की नाही, तेही ठाऊक नाही.”

सरुबाईनं मॅडमचा चेहरा निरखून पाहिला. मग ती स्टुलावर टेकली.

“दवाखान्यात म्हणलं हुतं, दोष आमच्या दोघांच्याबी रक्तात हाय. माजं चालंल का?”

तिनं हात पुढं केला. मॅडमनी तिला सगळं नीट समजावलं, तयार आहे ना हे पुन्हा विचारलं आणि रक्त काढलं. नळीवर आकडा टाकला.

“नाव काय लिहू?”

“तिचंच लिवा.”

मॅडम घुटमळल्या. म्हस्कूनं ओले हात पुसले, त्यांच्याकडून पेन मागून घेतलं, आणि इंग्रजी आकड्याखाली बारीक अक्षरांत लिहिलं : मंजुळा. मग ती नळी त्यानं बर्फातल्या रांगेत ठेवली.