देवघरालगतची खोली

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाशी गेला होता आणि सुटीवर आलेला शालिग्राम घर मोजत होता. अंगणात लाल मिरची वाळत होती. अन्नपूर्णाबाई देठं खुडता खुडता लेकाकडे कौतुकानं बघत होत्या. महाराष्ट्र राज्य होऊन फार वर्षं झाली नव्हती. धामणगाव बढ्यातून आर्किटेक्चर शिकायला नागपूरला गेलेला हा पहिलाच मुलगा.

शेजारच्या मंजुळाबाई ताक मागायला आल्या आणि कुडाशी थबकल्या.

"काय करून राह्यला वं तुमचा शालिक?"

"घर मोजते. कालेजात नकाशा दाखवा लागते."

"बापा! पाच वर्षं शिकून पोट्टा गवंडीच होणार म्हना ना. आमच्या किसन गवंड्यानं त शाळाबी नाई पाह्यली."

शालिग्राम हसला. "काकू, तुमच्या घरी धूर काऊन कोंडते ते सांगू काय? चुलीच्या वर झरोका नाई. मी गवंडी असतो त ठेवला असता."

टेपचं दुसरं टोक रुख्मिणीनं धरलं होतं. ती त्याच्या थोरल्या भावाची, जानरावाची बायको. लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तोच जानराव काविळीनं गेला. तेव्हापासून ती या घरात राबत होती. शेणपाणी, दळण, धारा, सगळं तिच्याकडे. फक्त हळदीकुंकू आलं, पाहुणे आले, कुणी शुभकामाला निघालं, की ती न सांगता मागच्या अंगाला जायची.

सरांनी सांगितलं होतं, नुसत्या भिंती मोजून आणू नका, कोण कुठं झोपतं तेही लिहून आणा. शालिग्रामनं लिहिलं, बाबा ओसरीत, माय माजघरात. मग त्यानं विचारलं, "वैनी, तुम्ही?"

"कुटाराच्या खोलीत."

जनावरांचं कुटार, म्हणजे वाळला भुसा भरायची ती गोठ्यामागची खोली. त्याला लहानपणापासून ठाऊक होतं, तरी पेन्सिल थांबली. अन्नपूर्णाबाईंनी ते पाहिलं आणि मिरचीकडे मान वळवली.

"ल्याहा ना, भावजी," रुख्मिणी म्हणाली. "गायी घोरत नाईत. झोप मस्त लागते तठी."

जेवायला बसल्यावर शालिग्राम म्हणाला, "माय, कुटाराच्या खोलीची मागची भीत बाहेरच्या अंगाले पोटाळली हाये. एखाद्या झडीत बसते ते."

"तुह्या आज्याच्या वक्तापासून तशीच हाये," अन्नपूर्णाबाईंनी त्याच्या ताटात भाकर वाढली.

त्या साली कपाशी चांगली पिकली आणि शालिग्रामच्या वडिलांनी, रंगरावांनी गावाच्या वरच्या अंगाला नवं घर बांधायचं काढलं. नकाशा अर्थातच शालिग्रामचा. त्यात देवघराला लागून, उगवतीकडे खिडकी असलेली एक खोली होती. ती वैनीची. ज्या दिवशी किसन गवंड्यानं जमिनीवर चुन्याच्या रेघा ओढून घराची आखणी केली, त्या दिवशी रुख्मिणी मजुरांसाठी पाण्याची घागर घेऊन गेली होती. काम थांबून माणसं जेवायला बसली, तेव्हा ती आपल्या खोलीत शिरली. भिंती नव्हत्याच, पांढऱ्या रेघा तेवढ्या होत्या. पण तिनं रेघ ओलांडली नाही. दारासाठी जागा सोडली होती तिथून ती आत गेली आणि उगवतीकडे तोंड करून घटकाभर बसली.

अन्नपूर्णाबाई निंबाखालून बघत होत्या. त्यांना बरं वाटलं. खरंच वाटलं. त्या काही वाईट सासू नव्हत्या. सुनेवर कधी हात उचलला नाही, तिला शिळं घातलं नाही. म्हणून तर ही गोष्ट सांगायची.

भिंती कमरेएवढ्या आल्या तेव्हा मंजुळाबाई घर पाहायला आल्या. खोल्या मोजता मोजता म्हणाल्या, "देवघराले लागून? अन् सकायी आंगोय करून देवाले जासान त पयले तिचंच तोंड पाहसान? उद्या शालिकची नवरी येईन, तिच्या मायले काय सांगसान?"

तेवढंच. पण अन्नपूर्णाबाईंच्या मनात ते खड्यासारखं रुतलं. रंगरावांना विचारलं तर ते म्हणाले, "घरातलं तुह्यं काम. तू पाह्य." रागावले असते, अडवलं असतं, तर कदाचित बरं झालं असतं.

शालिग्राम उन्हाळ्यात आला तेव्हा माणसं नव्या घरात राहायला गेली होती. त्या खोलीची खिडकी विटांनी बुजवलेली होती आणि आत ज्वारीची पोती रचली होती.

"माय, पोत्याइची जागा नकाशात येगळी हाये. मांगच्या पडवीत."

"पडवीत वाछट येते. धान्य भिजते."

"अन् वैनी?"

"ते काय बाहेर हाये काय? जुन्या घरी गुरं हायेतच, त्याइच्यापाशी कोणी पाह्यजे. पुढच्या साली पाहू तिचं."

रुख्मिणी तिथंच उभी होती. ती म्हणाली, "राहू द्या भावजी. आत्याबाई बरोबर म्हंतेत." मग ती जुन्या घरी धार काढायला निघून गेली. शालिग्राम बापाकडे गेला, बापानं आईकडे बोट दाखवलं. सुटी संपली, तो नागपूरला परतला.

भादव्यात झड लागली. दिवस उगवला की नाही ते कळेना असं आभाळ. सकाळी दुधाची कासंडी आली नाही म्हणून अन्नपूर्णाबाई डोक्यावर पोतं घेऊन जुन्या घराकडे गेल्या. गाय गोठ्याबाहेर पावसात उभी होती. तिचं दावं कुणीतरी सोडलेलं होतं. कुटाराच्या खोलीची मागची भिंत बसली होती आणि तिच्यासकट गोठ्याचं छप्पर खाली आलं होतं.

गावानं हातांनी माती उपसली. रुख्मिणीच्या मुठीत दुसऱ्या गायीचं दावं होतं. ते सोडायचं राहिलं होतं.

शालिग्राम आला तो थेट नव्या घराच्या त्या खोलीत गेला. एका पोत्यावर तळहात ठेवून उभा राहिला. पोतं कोरडं होतं. अन्नपूर्णाबाई दारात आल्या. त्यांना वाटलं, पोरगा ओरडेल, भांडेल. तो हळूच म्हणाला, "म्या नकाशा काढला होता, माय. घर तू केलं."

त्यानंतर तो वर्षभर घरी आला नाही. अन्नपूर्णाबाईंनी पोती पडवीत हलवली. किसन गवंड्याला बोलावून खिडकी मोकळी केली. त्यानं विचारलं, "आता कोणासाठी, काकू?" रोज सकाळी आंघोळ करून देवाला जाताना त्या खोलीत ऊन आलेलं दिसे. पाहायला कुणाचंच तोंड नसे.

वर्ष सरलं, घरातला दुखवटा संपला, आणि संक्रांतीला रंगरावांच्या घरी पुन्हा हळदीकुंकू झालं. बायका सतरंजीवर दाटीनं बसल्या होत्या. मंजुळाबाई आल्या. त्यांच्यामागे वाणाची टोपली घेऊन त्यांची लेक विमल होती. उन्हाळ्यात तिचा नवरा गेला, तशी ती माहेरी आली होती. तिनं टोपली उंबऱ्यावर ठेवली आणि ओट्याच्या कडेला, खांबाआड उभी राहिली.

"विमल, आत ये," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या.

मंजुळाबाई खालच्या आवाजात म्हणाल्या, "राहू द्या, अन्नपूर्णाबाई. ते बाहीरच बरी. मले का वाईट वाटत नाई?"

"तुमाले वाटते. मलेबी वाटत होतं," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "वाटून का झालं, बाई?"

त्या उठल्या, बाहेर गेल्या, विमलला दंडाला धरून आत आणलं. एक म्हातारी पदर सावरत उठली. "आमाले आता जा लागते." तिच्यामागे दुसरी उठली, मग पाच-सहा जणी. वाण न घेताच गेल्या. कुणी भांडलं नाही. उरलेल्या बायका मान खाली घालून बसल्या. मंजुळाबाई उठल्या नाहीत. तोंडाला पदर लावून लेकीकडे बघत राहिल्या.

सतरंजीवर आता पुष्कळ जागा होती. तरी विमल भिंतीला टेकून उभीच. तिनं घाबरून विचारलं, "काकू, मी कोठी बसू?"

रुख्मिणीनं इतक्या वर्षांत हा प्रश्न कधी विचारलाच नव्हता. अन्नपूर्णाबाई खाली बसल्या, थोड्या सरकल्या आणि आपल्या शेजारी हात थोपटला.