धुऊन काढलेलं पिंप

मी एक पिंप बोलतोय. ओकच्या लाकडाचं, लोखंडी पट्ट्यांनी आवळलेलं. पिनोसो गावात बातिस्तेच्या तळघरात मी शंभर वर्षं बूड टेकून आहे. इतकी वर्षं एका जागी बसलेल्याचा जरा मान ठेवावा माणसानं!

माझ्या पोटात मोनास्त्रेल द्राक्षांची वाइन असते. भारी हट्टी द्राक्षं. पांढऱ्या दगडाळ रानात, पाऊस नसला तरी पिकतात. बाकीच्यांची तोडणी उरकली तरी ही आपली वेलीवरच, पार सुरकुतेपर्यंत. मग वाइन होते ती अशी दाट की सदऱ्यावर सांडली तर सदरा गेलाच म्हणायचं.

पण माझी खरी दौलत तळाशी. उन्हाळा सरताना माझ्यात वीतभर जुनी वाइन उरते, ती कुणी संपवत नाही. विरजणावर दूध ओतावं तशी तिच्यावर नवी ओततात. गावात कुणी बाळंत झालं की त्या घरी माझ्यातला एक चंबू जातो. बाळंतिणीनं त्यात बिस्कीट बुडवून खायचं. उरलेली मग ते लोक आपल्या लहानशा पिंपात जपून ठेवतात.

"शंभर वर्षांत हे पिंप एकदाही रिकामं झालं नाही," असं बातिस्ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतो. त्याची बायको कार्मेला हयात होती तेव्हा हे वाक्य आलं की ती उठून स्वयंपाकघरात जायची. का, ते मला ठाऊक होतं.

यंदा बातिस्तेच्या मुलानं पार लांबच्या बिलबाओ शहरातली मुलगी करून आणली. मैते तिचं नाव. सासऱ्याला आपण आवडावं म्हणून बिचारीची सारखी धडपड. बातिस्तेचं आपलं "हं, ठीक आहे." त्यापलीकडे शब्द नाही.

तोडणीच्या आधी तो बहिणीकडे गेला आणि मैते बादली-ब्रश घेऊन तळघरात उतरली. मला हुंगलं, जरा कलवून तळाशी बघितलं.

"शी! आंबलंय की हे सगळं!"

सगळं मोरीत ओतून दिलं हो! वर गरम पाण्यानं खसाखसा घासलं. मी ओरडलो, पण पिंपाचं ऐकतंय कोण!

दुसऱ्या दिवशी शेजारची म्हातारी विसेन्ता रिकामा चंबू घेऊन आली. तिची नात बाळंत झाली होती.

"मावशी, आधी पिंप बघा कसं लख्ख केलंय!" मैते कौतुकानं म्हणाली. "बाबा खूश होतील ना?"

विसेन्तानं आत डोकावलं आणि ती पायरीवरच बसली. "काय केलंस गं हे बये! तळाची ओतलीस? तिच्यावरच तर सगळं चालतं!"

मैतेचा चेहरा उतरला. "आता बाबा मला कधीच आपली म्हणायचे नाहीत. आधीच मी त्यांना परकी." आणि ती रडायलाच लागली.

विसेन्ताचे खांदे हलत होते. मैतेला वाटलं, तीही रडतेय. पण म्हातारी हसत होती.

"पूस डोळे. तुझी सासू या घरात आली त्या वर्षी तिनं सोड्यानं घासलं होतं हे पिंप! आणि तिच्या सासूनं तिच्या वेळी. पुरुषांना नाही सांगितलं कुणी. थांब तू, आलेच मी."

संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या बायका पदराआड लपवावा तसा ॲप्रनखाली चंबू लपवून आल्या. कुणाकडे नातवाच्या वेळची होती, कुणाकडे स्वतःच्या बाळंतपणातली. माझंच मला परत मिळत होतं, घराघराचा थोडा थोडा वास लागलेलं. वीतभर झाली तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

बातिस्ते परतला तो पिशवी न ठेवताच तळघरात. पेल्यात घोटभर काढली आणि डोळे मिटून प्याला. मैतेनं दाराची चौकट घट्ट धरली होती.

"व्वा!" बातिस्ते म्हणाला. "शंभर वर्षं झाली सूनबाई, थेंबाचा फरक नाही! मी नव्हतो तर छान सांभाळलंस. घे, घोट घे. हे पिंप आता तुझं."

मैतेनं घोट घेतला, हसू फुटू नये म्हणून तोंड दाबून धरलं आणि सासूसारखीच स्वयंपाकघरात निघून गेली.

तर मंडळी, घरातलं चांगलंचुंगलं शेजारी वाटत चला. एक ना एक दिवस तुमचीही सून बादली घेऊन तळघरात उतरणारच आहे.