पान उलटू?

आत्या बोट ठेवून वाचायची. ओळीखालून बोट सरकायचं, ओठ हलायचे आणि मधेच ती थबकायची, "थांब गं, हा मेला खोटं बोलतोय!" दिवसभर शिवणाच्या दुकानात लोकांच्या कपड्यांना काजं-बटणं करून आली, की ती आणि तिची भाची एका पुस्तकावर डोकी टेकवून बसत. भाचीला ती भिंगरी म्हणे. खरं नाव कोण विचारतंय! वाचनालयाचं कार्ड एकच, कार्डावर पुस्तक एकच. पान संपलं की एकीने विचारायचं, "उलटू?" दुसरीने म्हणायचं, "उलट."

मग शाळेत परीक्षेसाठी भरभर वाचायचे धडे सुरू झाले. मनातल्या मनात शब्द म्हणायचे नाहीत, पानावर पुठ्ठा ठेवून खाली खाली ढकलत राहायचं, मागे वळून म्हणून बघायचं नाही. महिन्याभरात भिंगरी वर्गात पहिली! बाई म्हणाल्या, "अगं, वाचतेस की गिळतेस?" भिंगरीला स्वर्ग दोन बोटं उरला.

त्या संध्याकाळी आत्याचं बोट चौथ्या ओळीवर होतं, तेव्हा भिंगरीचं पान संपलंसुद्धा.

"उलटू?"

"थांब की."

"आता उलटू?"

"भिंगरे, गाडी चुकतेय का तुझी?"

मग भिंगरी रोज थांबायला लागली. आत्याच्या बोटावरचे सुईचे टोचे मोजायची. हळू वाचूनही पाहिलं, पण डोळे ऐकतील तर शपथ! उतारावर सुटलेल्या सायकलीसारखे ते थेट तळाशी जाऊन थांबायचे.

आठवड्याने आत्याने पुस्तक मिटलं.

"तू थांबतेस, कळतं मला. पण पुढे कोणी मरणार असलं की तुझा श्वास अडकतो. काही गंमत असली की गुडघा हलतो. मला सगळं आधीच कळतं बघ."

"नाही अडकवणार श्वास! आईशप्पथ."

"वेडाबाई, मग वाचायचं तरी कशाला?" आत्याने तिच्या पाठीत हलका धपाटा घातला. "रागावले नाही गं. तुझं वेगळं कार्ड काढू."

शनिवारी वाचनालयातल्या काकांनी नव्या कार्डावर शिक्का मारला. "आज दोन पुस्तकं? चंगळ आहे दोघींची!"

घरी आत्या खुर्चीत बसली, भिंगरी पलंगावर. तासाभरात भिंगरीचं पुस्तक फस्त. खुनी चक्क डॉक्टर निघाला! सांगायला तिने तोंड उघडलं.

"आत्या, तो डॉक्टर..."

"सांगू नकोस हं! मला वाचायचंय ते नंतर."

भिंगरीने तोंड मिटलं. तेवढ्यात आत्या खो खो हसायला लागली, पार डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"काय गं? काय झालं?"

"असं सांगून नाही कळायचं. माझं झालं की घे."

"कधी होईल?"

आत्याने उरलेली पानं चिमटीत धरून पाहिली. "पंधरा दिवस तरी."

"बरं," भिंगरी म्हणाली. घड्याळात आत्ता कुठे सहा वाजत होते.