पाट्यावरची चीर

"हा अंधार खोटा आहे," तपासमामा म्हणाले.

दुकानदाराने कपाळाला हात लावला. विजेचं सामान विकता विकता त्याचे केस पांढरे झाले होते, पण अंधारात खोट काढणारं गिऱ्हाईक त्याला आजवर भेटलं नव्हतं. "अहो मामा, अंधारात कसलं आलंय खरं-खोटं?"

"दाराखालून उजेड येतोय. असल्या अंधारात कुठलाही टॉर्च मिरवून घेतो. फट बुजवा आधी."

मामांच्या मुलीने निमूटपणे एक रिकामं पोतं उचललं आणि दाराखाली सारलं. दुकानामागची ती सामानाची खोली आता काळीकुट्ट झाली. मामांनी पिशवीतून लोखंडी पाटा काढून चाचपत फरशीवर ठेवला.

हा पाटा बसच्या चाकावरच्या कमानीतला. गाडीचा सगळा भार असल्या पाट्यांवर असतो. मामा बस आगारात गाड्या तपासायचे. गाडी खड्ड्यावर उभी करायची, मामांनी खड्ड्यात उतरायचं, टॉर्च मारून गाडीचं पोट न्याहाळायचं आणि मग "सोडा" म्हणायचं. त्यांनी "सोडा" म्हटल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर जात नसे. एक चीर नजरेतून सुटली, तर भर रस्त्यात चाक निखळणार, आणि वर माणसं बसलेली असणार. तेव्हा संशय घेणं हा त्यांचा धंदाच होता. पुढे पुढे तो संशय घरी आला. मामा काडेपेटी कानाशी हलवून घेऊ लागले, पाहुण्यांच्या खोकल्यावर शंका काढू लागले. आगारातले लोक त्यांचं खरं नाव विसरून त्यांना तपासमामाच म्हणू लागले. मामांना या नावाचा अभिमान होता, उगीच खोटं कशाला बोला!

पाट्याच्या एका अंगाला केसाएवढी चीर होती. तरुणपणी मामांनीच ती पकडली होती, आणि तेव्हापासून टॉर्च घ्यायला निघाले की हा पाटा पिशवीत असायचाच. ज्याच्या उजेडात चीर दिसते तो टॉर्च खरा, बाकीची नुसती जाहिरात, असा त्यांचा हिशेब. आज मात्र अख्खा बाजार पालथा घातला तरी खरा टॉर्च सापडेना.

"हा बघा टॅक्टिकल टॉर्च," दुकानदार म्हणाला. "पोलीस-बिलीस वापरतात. सबंध धातूचा. पाण्यात पडला तरी चालतो. वेळ पडली तर कुणाच्या डोक्यात घाला, डोकं फुटेल पण काच फुटणार नाही."

"मला डोकं फोडायचं नाही, मला बघायचंय."

मामांनी बटण दाबलं. पांढराशुभ्र झोत पाट्यावर पडला. मामा गुडघ्यावर बसले, वाकले, आणखी वाकले. पाटा नुसता करडा दिसत होता, ओल्या फडक्याने पुसलेल्या पाटीसारखा.

"खोकं म्हणतं हजार लुमेन! मोजून बघितलेत कुणी? उद्या मीही पाठीवर 'पैलवान' लिहून फिरेन."

"मग जरा महागातला दाखवू?"

"स्वस्त घेतला की भोळा फसतो, महाग घेतला की शहाणा फसतो. फसवणूक तीच."

मुलगी भिंतीला टेकून ऐकत होती. ती शिवणकाम करायची, आणि मशीन बंद ठेवून आज मुद्दाम बापासोबत आली होती. हल्ली पाणी ओतताना बाबा आधी भांड्याच्या कडेला बोट लावून बघतात, हे तिने पाहिलं होतं. संशय तिच्याही रक्तात होता, फक्त तिचा संशय टॉर्चवर नव्हता.

"जुना टॉर्च चांगला होता की, बाबा," ती म्हणाली.

"होता! आगारात कुणीतरी त्याचे सेल बदलतंय. कोण ते मला ठाऊक आहे." मामांचा आवाज खाली आला. "तो नवा फिटर आहे ना, हसरा. मी खड्ड्यातून वर आलो की हा आपला टॉर्च घेऊन गुपचूप उतरतो. विचारलं तर हसतो नि म्हणतो, पाना राहिला खाली. रोज बरा पाना राहतो! माझी जागा हवीय त्याला, दुसरं काय."

बाहेर गल्ल्याजवळच्या टोपलीत बोटाएवढे स्वस्तातले टॉर्च पडले होते. त्यातला एक मुलीने येताना उचलला होता. तिने तो लावला आणि उभ्या उभ्या पाट्यावर धरला.

"चीर ती भोकापासून निघालीय तीच ना? कडेकडे तिरकी गेलेली?"

मामांनी झटकन मान वळवली. "तुला कुणी सांगितलं?"

"दिसतेय, बाबा."

"दिसत कसली! घरी कधी पिशवी उचकली असशील."

"बरं, उचकली. मग आता तुम्हीच परीक्षा घ्या."

परीक्षा म्हटल्यावर मामा मागे हटणारे नव्हेत. त्यांनी तिला पाठ करून उभं केलं, पाटा हातात घेतला, उलटसुलट फिरवला आणि खाली ठेवला. "सांग, चिरेची बाजू वर की खाली?"

मुलीने वळून टॉर्च मारला. "वर."

मामांनी पाट्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं. नख अडकलं. त्यांनी पुन्हा पाटा फिरवला. "खाली," मुलगी म्हणाली, आणि तेही बरोबर निघालं.

"आता वर आहे हो मामा," दाराशी उभा असलेला दुकानदार न राहवून म्हणाला. "मला इथून दिसतेय."

"तुम्ही गप्प बसा, तुम्हाला माल खपवायचाय!" मामा खेकसले, पण नख पुन्हा अडकलंच. मग त्यांनी मुलीच्या हातातून तो टॉर्च घेतला. "आता तू फिरव. मी सांगतो."

मुलीने पाटा फिरवून ठेवला. मामांनी टॉर्च जवळ नेला, लांब नेला, एक डोळा मिटला, मग दुसरा मिटला. "खाली आहे," ते ठासून म्हणाले, आणि खात्रीसाठी नख टेकवलं.

नख अडकलं. मामांनी ते तिथून काढलंच नाही.

मामांना भीती वाटली. मुलगी शेजारी बसली. तिला रडू येत होतं, पण तिने ते आवरलं. "होतं या वयात, बाबा. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ. बरं करतात हल्ली."

"हसरा आज रजेवर आहे," मामा म्हणाले.

"असू दे ना. त्याचं काय आत्ता?"

"अगं, म्हणजे आज माझ्या मागून पुन्हा तपासायला कुणी उतरलेलं नाही."

त्यांनी खिशातून फोन काढून मुलीला दिला. "फोरमनला लाव." तिने लावून दिला.

"साहेब, सकाळी मी सोडलेल्या सगळ्या गाड्या परत बोलवा. डोंगरातल्या रस्त्यावरची गाडी जिथं असेल तिथं थांबवा, माणसं उतरवा आणि गाडी ओढून आणा. सगळ्या पुन्हा खड्ड्यावर घ्या."

"का हो मामा?" फोरमनचा आवाज खोलीभर ऐकू आला. "काय सापडलं?"

"काही सापडलं नाही. म्हणूनच सांगतोय."

पलीकडे फोरमन घुटमळला. "गाड्या बोलवतो. पण वर कळवावं लागेल, मामा. कारण काय लिहू?"

"तपासणाऱ्याला दिसत नाही, असं लिहा."

दुकानदाराने दाराखालचं पोतं ओढून काढलं. टॉर्चचं काय करायचं हे विचारायचा त्याला धीर होईना. मामाच म्हणाले, "हा स्वस्तातलाच बांधून द्या. हसऱ्याला होईल."

बापलेक आगारात पोचले तेव्हा गाड्या एकेक करून फाटकातून आत येत होत्या. अंगात डगला चढवून फोरमन स्वतः खड्ड्यात उतरला होता. मामा सवयीने पायऱ्यांपर्यंत गेले आणि तिथून परत फिरले. मग बाजूला थांबलेल्या गाडीच्या दाराशी जाऊन ते उभे राहिले. प्रवासी उतरून दुसऱ्या गाडीकडे चालले होते. म्हातारे, पोरं, बोचकी, भांडणं, सगळं एकदम उतरत होतं. मामांनी गाड्या नेहमी रिकाम्या पाहिलेल्या, त्याही खालून. एका गाडीत एवढी माणसं मावतात हे त्यांना ठाऊक होतं, पण त्यांनी कधी थांबून पाहिलं नव्हतं.

झोपलेलं मूल खांद्यावर टाकून एक बाई दारात आली. चांगलीच तापलेली होती. "कुणाचा हा गाढवपणा? सकाळी तपासून सोडत नाहीत का गाड्या?"

"सोडतो, ताई. मीच सोडली होती," मामा म्हणाले. "चूक माझी आहे. सावकाश या, पायरी उंच आहे." आणि त्यांनी हात पुढे केला.

बाईने त्यांच्याकडे संशयाने खालीवर पाहिलं. मग मूल दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि त्यांचा हात धरून ती खाली उतरली.