मिस्त्रींचा अर्धा वाटा

मिस्त्रींनी उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवला. वर जाणाऱ्याला लिफ्ट दिसते, मिस्त्रींना दोर दिसायचा. झिजलेले दोर बघून बघून त्यांची खात्रीच पटली होती, की हे सगळं जग असंच कुठल्यातरी दोरावर लटकलंय आणि त्याच्याकडे कुणाचंच लक्ष नाही. बायको होती तोवर ती ही बडबड हसण्यावारी न्यायची. ती गेली, हसणारं कोणी उरलं नाही, आणि मिस्त्री कामाला लागले.

मागच्या खोलीची खिडकी त्यांनी विटांनी बुजवली, दारापुढे कपाट सरकवलं. आत हवाबंद पिंपांत तांदूळ, डाळी, मीठ, साखर. शिवाय मेणबत्त्या, काड्यापेट्या, औषधं, साबण. म्हाताऱ्याचा उरक दांडगा. पण खरी हुशारी याच्या पुढची. वाईट दिवस आले की लोक आधी भरलेलं घर फोडतात, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं, म्हणून त्यांनी गरिबीचं सोंग घेतलं. कॉलर विरलेला शर्ट, शिवून शिवून दमलेल्या चपला. कुणी जेवायला बोलावलं तर जायचं नाही, कारण मग आपल्यालाही बोलवावं लागतं आणि माणसं घरात शिरतात. हळूहळू बोलावणीच बंद झाली. सोंग इतकं झकास वठलं, की बिचाऱ्या मिस्त्रींचं कसं भागतं म्हणून अख्खी इमारत हळहळायची.

आणि मग दोर तुटला. बँकांची दारं उघडेनात, ट्रक यायचे थांबले, दुकानांची शटरं खाली आली ती खालीच राहिली. वीजही गेली. खोटं कशाला बोला, मिस्त्रींना आधी आनंदच झाला. ‘मी म्हणत नव्हतो?’ असं कुणाला तरी ठणकावून सांगावं म्हणून ते घरभर फिरले. ऐकायला कोणी नाही हे ध्यानात आल्यावर गपचूप बसून जेवले.

त्याच आठवड्यात दार वाजलं. खालच्या मजल्यावरची शिवणकाम करणारी बाई होती. म्हाताऱ्या आईला घेऊन राहायची. हातात झाकलेला वाडगा.

“काका, थोडा भात आणलाय. नाही म्हणू नका.”

“अगं, मला कशाला? तुम्हा दोघींना…”

“आमचं होतंय कसंतरी. तुमच्याकडे काय असणार, मला ठाऊक नाही का?”

आता इथेच सांगून टाकायचं ना माणसानं! पण इतक्या वर्षांची सवय आडवी आली. मिस्त्रींनी वाडगा घेतला, दार लावलं आणि भात खाल्ला. बायको गेल्यापासून कुणाच्या हातचं असं खाल्लंच नव्हतं, त्यांना रडू आलं.

मग ती रोज यायला लागली. मिस्त्री सकाळपासून दाराकडे कान लावून बसत. भातासाठी नव्हे, भाताची त्यांना काय ददात! ती उंबऱ्यात उभी राहून दोन शब्द बोलायची, आईच्या खोकल्याचे, बंद पडलेल्या शिलाईचे. त्यांना ते हवं होतं. खरं सांगितलं असतं तर वाडगा थांबला असता. आणि इतका भात पोटात गेल्यावर सांगणार तरी कोणत्या तोंडानं? इकडे वाडग्यातला भात कमी होत चालला, तिचे गाल बसले.

शेवटी एका पहाटे त्यांनी तांदळाची पिशवी तिच्या दाराशी ठेवली आणि चोरपावलांनी वर आले. उजाडल्यावर ती धावतच आली.

“काका, कोणी देवमाणूस दारात तांदूळ ठेवून गेला! हा घ्या, अर्धा तुमचा.”

त्यांनी घेतला. घेतला आणि मागच्या खोलीत जाऊन पिंपात ओतला.

तोही तांदूळ संपला तेव्हा ती आली ती वाडग्याशिवाय, पदर खोचून.

“चला काका. भावाकडे निघालोय आम्ही, चालत. आईला हातगाडीवर बसवलंय. तुम्हाला इथे टाकून गेले तर माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही.”

ही गेली की आपलं दार वाजवणारं कोणी नाही. त्यांनी मेणबत्ती पेटवली आणि कपाट सरकवलं.

“जाऊ नकोस. हे बघ. तिघांना कितीतरी दिवस पुरेल.”

ती आत गेली. एकेका पिंपावरून हात फिरवत राहिली. आता ओरडेल, असं त्यांना वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“दारातला तांदूळ तुम्ही ठेवला होता?”

“हो, मीच.” मिस्त्रींना तेवढाच आधार वाटला.

“मग मी अर्धा परत आणला, तो घेतलात कसा?”

“पोरी…” ते म्हणाले.

तिने खोकल्याचं औषध घेतलं आणि खांद्याला पेलेल एवढा तांदूळ पिशवीत भरला. दाराशी थांबली.

“आईला हे सांगत नाही मी. तुमचा भात तिच्या ताटातला असायचा.”

ती जिना उतरली. मिस्त्री कठड्याशी आले. मीही येतो, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि परत मिटलं. खालून म्हातारीचा खोकला ऐकू आला, मग म्हातारीचाच प्रश्न.

“मिस्त्री येताहेत ना गं?”

“नाही आई. त्यांना घर सोडवत नाही.”

“मग आपल्या पिशवीतला थोडा तांदूळ त्यांना देऊन ये, जा.”