टोंगळाभर उंच

रविताच्या चार वाफ्यांत काय लावावं, यावर घरातल्या सगळ्यांना बोलायचं होतं. वाफे बांधायच्या वेळी मात्र एकाचंही तोंड दिसलं नव्हतं.

घर केशोरीच्या अलीकडं, इटियाडोह धरणाच्या नहराला लागून. नहराचं पाणी धानाला जातं, आणि जाता जाता थोडं थोडं पाझरून घरामागच्या वाडीतही येतं. कार्तिक संपेपर्यंत वाडी ओलीगच्च. सलग दोन हिवाळे रविताची मेथी तिथं पिवळी पडून सडली. मुळा उपटावा तर हातात नुसता पाला यायचा. म्हणून २००७च्या उन्हाळ्यात बोडी, म्हणजे गावाजवळचं लहान तळं, आटली तशी तिनं तिथला गाळ डोक्यावरून वाहिला. टोपल्यामागून टोपलं, महिनाभर. खाली धानाचं तणीस, वर शेणखत, त्यावर गाळ, आणि चहूबाजूंनी फाडलेल्या बांबूची कड. चार वाफे उभे राहिले, टोंगळ्याएवढे. जवळ उभं राहिलं की बरोबर गुडघ्याला लागायचे. पावसाळाभर वाडीत बेडकं पोहली, पण वाफ्यांचा माथा काही भिजून बसला नाही.

"या चार समाध्या कोनाच्या वो बहू?" सासरे छोटेलाल येता-जाता विचारायचे. "एक तं माझी असंल. बाकीच्या तीन?"

ती हसायची नाही. तिच्या डोक्यात हिवाळा सुरू झालेला असायचा.

दिवाळीच्या आदल्या दिवशी जेवताना विषय निघाला. नवरा खुमेंद्र म्हणाला, "चारी वाफ्यात फुलगोबी लाव. सरळ काम."

"लाखोरी डाळीचं बी फेक," छोटेलाल म्हणाले. "ना पानी, ना निगा. वाडवडलाईपासून चालत आलं."

"माझं ठरलं हाये," रविता म्हणाली.

"तुले कोनी इचारलं?"

"मीच इचारलं मामाजी, अन् मीच सांगतलं."

ठरलं होतं ते असं. पहिल्या वाफ्यात, सगळ्यात जास्त ऊन पडतं तिथं, लसूण. दुसऱ्यात गाळ सगळ्यात भुसभुशीत, तिथं मुळा. त्याला सरळ खाली जायला वाट पाहिजे. तिसऱ्यात मेथी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर; एकदम नाही, पंधरा-पंधरा दिवसांनी थोडं थोडं, म्हणजे माघापर्यंत रोज मूठभर हिरवं खुडता येईल. चौथा वाफा भिंतीच्या सावलीतला, तो पालकाला. पालक सावलीची कुरकुर करत नाही. आणि गोबी कुठंच नाही. गोबी पाहुण्यासारखी येते, अडीच महिने अख्खा वाफा अडवून बसते, आणि जाताना एकच फूल हातावर ठेवते.

हे सगळं ती कोणाला बोलली नाही. सांगितलं असतं तर ऐकणार कोण होतं?

भाऊबीजेला ती माहेरी गेली. तीन दिवसांनी परतली तेव्हा पदराच्या गाठीत आईनं दिलेलं मेथीचं बी होतं, पिशवीत गावरान लसणाच्या कुड्या होत्या. पिशवी हातात घेऊनच ती वाडीत गेली.

वाफे नव्हते.

चारी वाफे खणून, पसरून, वाडी ताटासारखी सपाट केलेली. भोवती मातीची धुरी, म्हणजे बांध घातलेला, आत नहराचं पाणी सोडलेलं. धानाची बांधी असते ना, तशी तंतोतंत बांधी. आणि त्या चिखलात फुलगोबीची रोपं, धानाच्या रोवण्यासारखी ओळीनं खोचलेली, पाण्यात माना टाकून उभी. तिच्या बांबूच्या कामट्या भिंतीशी नीट रचून ठेवल्या होत्या. त्या नीट रचलेल्या कामट्यांनीच तिच्या डोक्यात जाळ झाला.

छोटेलाल मागून आले. तोंडावर उजेड होता. "पाय बहू, कशी चौरस केली. उंचावर पानी ठरते का कदी? आता पयत नाई पानी."

चाळीस वर्षं धान पिकवलेला माणूस. उंचवटा दिसला की त्याचे हात फावड्याकडं जायचे. पाणी साचलं की पीक, पाणी पळालं की नुकसान, एवढंच त्याच्या हातांना ठाऊक. वाईट करायला गेला नव्हता तो. म्हणूनच रविताला जास्त राग आला. वाईट करायला येणाऱ्याला निदान आधी ओळखता तरी येतं.

"कोनाले इचारून केलं?"

"घरातल्या वाडीसाठी इचारा लागते का?"

खुमेंद्र कानाशी मोबाइल धरून दारात उभा होता. त्यानं फोन जरा बाजूला घेतला. "बुढा मानूस दोन दिवस खपला चिखलात. मी अर्जुनीवरून रोपं आनली. अन् तू तोंड वाकडं करून राहिली."

 रात्री तिनं दोघांना जेवायला वाढलं, ताटं घासली, चूल सारवली. राग तिनं विस्तवासारखा राखेखाली ठेवला, सकाळपर्यंत टिकावा म्हणून.

सकाळी फावडं घेऊन ती घरापुढं आली. घरापुढं खळं होतं. हलकं, लवकर येणारं धान कापून बांधीत पडलं होतं, परवा भारे इथंच यायचे, इथंच चुरणी होऊन दाणा निघायचा. साऱ्या घरात उंच जागा हीच. अवकाळी पाऊस आला तरी दाण्याला ओल लागू नये म्हणून छोटेलालच्या वडिलांनी मुरूम टाकून ती उंच केलेली. दर साली ते खळं तासायचं, शेणानं सारवायचं, भेगा लिंपायच्या, हे काम रविताचं. धानाला कोरडी, उंच जागा लागते हे या घराला तीन पिढ्या ठाऊक होतं. मेथीला लागते म्हटलं की समाध्या.

तिनं खळ्याच्या मधोमध फावडं मारलं.

कुंपणापलीकडून शेजारची देवकाबाई डोकावली. "काऊन वो रविता, खळं कायले खोदून राहिली? सारवाचं सोडून?"

"भाजी लावून राहिली, माय."

"अन् धान?"

"धान पान्यातच वाढते ना. राहू दे पान्यात."

देवकाबाई पुढं काही विचारणार होती, पण रविताचं तोंड पाहून तिनं तिथंच कुंपणाला टेका दिला. आता हे पाहिल्याशिवाय ती हलणार नव्हती. रविता खोदत राहिली, आणि खोदता खोदता गाऊ लागली. दळताना गातात त्या चालीवर, पण दात आवळून, घरात नीट ऐकू जाईल असं:

*बाई, मातीले माझ्या हाताची वळख,*
*मातीच्या धन्याले माझी नाही पारख.*

छोटेलाल बाहेर आले. हातातला दात घासायचा काडीचा तुकडा तसाच राहिला. "बहू. खळं हाये ते."

"उंच हाये," ती म्हणाली.

"परवा भारे येतात. कोठी टाकू?"

"वाडीत टाका. चौरस केली ना तुमी. मस्त पानी ठरते तिथी."

"सडन ना धान तिथी."

बोलून गेले, आणि तोंड मिटायचं विसरले. रविता फावड्याच्या दांड्यावर हात ठेवून सरळ उभी राहिली.

"सडन," ती म्हणाली. "मेथी बी सडली मामाजी. दोन वर्सं. तवा तुमच्या घरात कोनाचं पोट दुखलं नाई."

कुंपणापलीकडं देवकाबाईनं पदर तोंडाला लावला. खुमेंद्र तावातावानं पुढं आला. "ठेव तो फावडा. लोक पाहून राहिले."

"पाहू द्या. मी एकटीनं गाळ वाह्यला तवा बी पाहत होते." तिनं आणखी एक ढेकूळ उलथलं. "परवा भारे येतात ना? तवरिक माझे चार वाफे वाडीत पाहिजेत. टोंगळ्याएवढे. मंग खळं लिंपतो अन् सारवतो. नाईतर इथीच मुळा लावतो, हा दारापुढं."

खुमेंद्रनं बापाकडं पाहिलं. बाप खळ्यातल्या खड्ड्याकडं पाहत होता. छोटेलाल वळले, पोराला घेऊन मागं वाडीत गेले, भिंतीशी रचलेल्या कामट्या बगलेत घेतल्या आणि म्हणाले, "धुरी फोड. पानी काढ पयले."

दोन दिवस बाप-लेक चिखलात होते. गोबीची रोपं तोवर पाण्यात कुजली होती. त्यांनीच ती उपसून उकिरड्यावर टाकली. ओला गाळ जड असतो, रविताला ठाऊक होतं. तिनं मदतीला हात लावला नाही. ती बांधावर उभी राहायची आणि म्हणायची, "इथी कमी हाये. अजून एक टोपलं." खुमेंद्र पाठ धरून बसला की ती त्याच्याकडं पाहायची, तो उठायचा.

चौथा वाफा झाला त्या संध्याकाळी तिनं खळं लिंपायला घेतलं. ठरलं होतं तेवढंच.

गाळ वाळायला आठवडा गेला. लसणाला उशीर झाला, आणि तो उशीर तिला रोज सकाळी नव्यानं टोचायचा. लसूण खोचायला बसली तेव्हा छोटेलाल वाफ्याच्या कडेला येऊन उभे राहिले.  मग हळूच म्हणाले, "बहू, त्या भिंतीकडल्या वाफ्यात एक ओळ लाखोरीची..."

"नाई," रविता म्हणाली, आणि पुढची पाकळी मातीत खोचली.