ठेक्यातली जागा

"मावशी, त्या भोकात नाही हो, शेजारच्या! 'इन' लिहिलंय बघा," ल्याओ दारातूनच ओरडला. बेइथोउमधल्या त्या गरम झऱ्याच्या हॉटेलचा तो मॅनेजर. हातात टॉवेलांचा गठ्ठा होता.

"मला काय दिसतंय डोंबल," श्यू-ग्वेई पुटपुटली आणि चष्मा कपाळावर सरकवून पुन्हा वाकली.

आजवर तिच्या इलेक्ट्रॉनिक ड्रमच्या डब्यातून एकच वायर निघायची आणि ती स्पीकरला जायची. रबरी चकत्यांवर ती काठ्या मारायची, डबा त्यातून ढोल आणि झांजा काढायचा. शेजारी थ्येन-शेंग कीबोर्डवर. पाहुणे दारू पीत, भसाड्या गळ्यानं जुनी गाणी गायचे आणि ही दोघं त्यांना सांभाळून घ्यायची. अशी पंचवीसेक वर्षं गेली. श्यू-ग्वेईनं लग्न केलं नाही. दुपारी तीनपर्यंत ती कुणाशी बोलायची नाही. मग थ्येन-शेंगचा फोन यायचा, "उठलीस का? चल."

थ्येन-शेंग यंदाच्या वसंतात वारला. त्याच्या बायकोनं, छाय-श्यानं, कीबोर्ड तिच्याकडे आणून टाकला. त्यात त्यानं वाजवून भरून ठेवलेली गाणी होती. ती लावायची आणि आपण ड्रम वाजवायचा, असं श्यू-ग्वेईनं ठरवलं. ही गोल तोंडाची वायर जोडली की कीबोर्ड आणि डबा एका लयीत चालतील, हेडफोनमध्ये टिकटिक ऐकू येईल, असं वाद्यांच्या दुकानदारानं सांगितलं होतं. संध्याकाळी एका आजोबांची सत्तरी होती. आज जमलं, तरच ल्याओ पुढं बोलावणार होता.

वायर बसली. तिनं कीबोर्डचं बटण दाबलं.

थ्येन-शेंगची बोटं वाजू लागली. आणि सोबत ड्रमही वाजू लागला. काठ्या तर अजून तिच्या मांडीवर होत्या. डब्यावरचे दिवे आपोआप लुकलुकत होते.

"अरे वा!" ल्याओ आत आला. "हे तर सगळं आपलं आपणच वाजतंय."

ती ऐकत राहिली. तिसऱ्या ओळीआधी ठेका किंचित थांबला. ही तिची सवय होती. म्हाताऱ्या पाहुण्यांना तिथं दम लागतो, म्हणून ती त्यांना श्वासापुरती जागा द्यायची. "तिथं डुलकी काढतेस का गं?" म्हणून थ्येन-शेंग हमखास चिडवायचा. त्यानं ती डुलकीसुद्धा भरून ठेवली होती.

तिनं दुसरं गाणं लावलं. मग तिसरं. सगळ्यांत ड्रम होता.

बाहेरच्या जिन्यात जाऊन तिनं छाय-श्याला फोन लावला.

"वहिनी, थ्येन-शेंगनं माझा ड्रम कधी भरला गं?"

पलीकडे नळाचा आवाज येत होता. मग तो बंद झाला.

"तुझं ऑपरेशन झालं तेव्हा. तुझा डबा घरी आणला आणि तुझं वाजवणं आठवून आठवून भरलं. महिनाभर तेच वाजवून आले ते. तेव्हाचा मॅनेजर म्हणाला, आता बाईंची गरजच काय? एकटेच या, सगळे पैसे तुमचे."

"मग?"

"मग काय! हे म्हणाले, यंत्र बिघडलंय, बाई लागणारच. घरी येऊन मला सांगितलं आणि हसत बसले. मी केवढी भांडले माहितीय? दोन दिवस जेवायला वाढलं नाही. तू घरी यायचीस ना, तेव्हा तुझ्याशी धड बोलायचे नाही मी. ते त्यामुळं."

"मला वाटायचं, तुझा स्वभावच तसा."

"तोही आहेच," छाय-श्या म्हणाली. "जेवलीस का?"

"नाही अजून."

"रविवारी ये. मुळ्याचं सूप करते. एकटीसाठी करवत नाही."

श्यू-ग्वेई आत आली. ल्याओ अजून डब्याकडे कौतुकानं बघत होता. "मावशी, तुम्ही आता नुसतं बटण दाबत बसा. एवढ्या वयात कशाला हात दुखवून घ्यायचे?"

"हात माझे आहेत ना?" ती म्हणाली. तिनं ती गोल तोंडाची वायर उपसली, गुंडाळून पिशवीत टाकली. आता डबा आपोआप वाजणार नव्हता; टिकटिक नसली तरी चालणार होतं. थ्येन-शेंगची लय तिला दुकानदारानं सांगायची गरज नव्हती.

संध्याकाळी सत्तरीचे आजोबा लाल चेहऱ्यानं माईक धरून उभे राहिले. कीबोर्ड सुरू झाला आणि तिनं ठेका धरला. तिसऱ्या ओळीआधी आजोबांना दम लागला, त्यांनी श्वास घेतला आणि बरोबर जागेवर गाणं उचललं. पोरंबाळं, सुना टाळ्या वाजवू लागल्या.

गाणं संपत आलं की थ्येन-शेंग मान हलवायचा आणि मग दोघं मिळून शेवट करायचे. श्यू-ग्वेईनं डावीकडे, त्याच्या जागेकडे पाहिलं. ती तशीच बघत राहिली आणि कीबोर्ड थांबल्यावर तिचा शेवटचा ठोका एकटाच पडला.

कुणाच्या लक्षात आलं नाही. आजोबा पुढचं गाणं शोधत होते.